इंदूमामी पटावर चूप बसते

मायी मामी इंदूबाई घडीभर चूप बसली, असं कोणी सांगितलं तं मारेगावच्या बाजारात लोक त्याले पागल म्हणतीन. मीबी म्हटलं असतं. पण म्या डोळ्यांनी पाह्यलं, बापा!

यंदा जानेवारीत मी आयुषले, म्हणजे माया नवऱ्याले, पुण्याहून पहिल्यांदा मामाच्या गावाले नेलं. मामी आम्हाले घ्यायले यवतमाळलेच येऊन बसलती. तिथून तिचं तोंड जे सुरू झालं, थे कळंबच्या चिंतामणीच्या पायऱ्या उतरतानाबी थांबलं नाही. "पाय जपून ठेवा जावईबापू! देव जमिनीच्या पोटात बसेल हाय, आपल्यालेच खाली जा लागते." पुजाऱ्यालेबी बोलू देईना. दुसऱ्या दिवशी कायरच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसलो, मंग वावरात हुरडा, रात्री तुरीचे ओले सोले घालून वांग्याची भाजी. आयुष म्हणे, "मोनाली, मी इथंच राहतो." मी तं हवेतच होती!

मामीचा जीव मात्र भलतीकडं लागला होता. दोन दिवसांनी गावात शंकरपट होता, बैलजोड्यांची शर्यत. अन् यंदा पहिल्यांदाच बायकांचा वेगळा पट ठेवला होता.

मामीचं माहेर पटाचं. तिचे बाबा नामी धुरकरी, म्हणजे छकड्यावर बसून जोडी पळवणारे. पण पोरीनं मैदानात पाय ठेवाचा नाही, असा त्यांचा दंडक. "मले एकदा जोडी पळवाची हाय वं मोनाली," मामी म्हणे. "एकदा! मंग मेली तरी चालते."

पुंडलिकमामा आडवे आले. बादल अन् हिरा ही त्यांच्या लाडाची जोडी, बायकांच्या पटाच्या दुसऱ्या दिवशी गडीमाणसांच्या गटात मामाच्या हाती पळणार होती. "पह्यले वावरात पळवून दाखव, मंग बोल," ते म्हणाले.

मामीनं जोडी जुंपली अन् जोरात ओरडली, "चला रे बादल, हिरा!" दोघं चार पावलं गेले, अन् माना वळवून मागं पाहत उभे राह्यले. गोऱ्हे होते तवापासून हा आवाज म्हणजे सरकीच्या ढेपीचं टोपलं. मामी ओरडली की ढेप आली! आयुष हसता हसता धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला.

मामा नाही हसले. "पटावर असं झालं तं गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही. राहू दे."

मामीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ते तिनं पुसलं अन् म्हणे, "आवाजाचंच हाय ना? चूप बसून हाकीन."

"तू? चूप?" आता मामा हसले. "बरं. पण बैल पटावर वळले, तं पुन्हा जन्मात कासऱ्याले हात लावाचा नाही."

"मंजूर!"

पटाच्या दिवशी काय गर्दी, काय गर्दी! जिलबीची कढई, आकाशपाळणे, भोंग्यावर एकसारखा आरडाओरडा. मारायची काठी, चाबूक बंद, त्यामुळं बायका फक्त गळ्याच्या जोरावर जोड्या पळवून राह्यल्या होत्या. "हुर्र! हुर्र!" करून सगळ्यांचे घसे बसले. मामीचा नंबर आला. तिनं पदर दातात घट्ट धरला अन् छकड्यावर चढली. म्या आयुषचा शर्ट मुठीत धरला.

झेंडी पडली. मामीनं कासरा सैल सोडला, दोघांच्या पाठीवर हात ठेवले, अन् जोडी सुटली! धूळ, घुंगरं, लोकांचा कल्ला. अर्ध्या वाटेत गावातल्या बाया ओरडल्या, "बोल ना वं इंदू! हाक मार!" हिराचा कान हालला. चाल ढिली पडली. मान मागं वळायले लागली. आता गेलं, मी म्हटलं. सारं गेलं! मामीचा चेहरा लालबुंद झाला, पण तोंड उघडलं नाही. ती पुढं वाकली, अगदी बैलाच्या शेपटापर्यंत, अन् हिराच्या पाठीवरून तळहात फिरवला, गोठ्यात फिरवते तसा. हिरा सरळ झाला. अन् मंग अशी सुसाट पळाली जोडी, का रेष कवा ओलांडली थे कळलंच नाही. म्या तं आयुषचा शर्टच फाडला!

पह्यला नंबर नाही आला, तिसरा आला. कोणाले पडली हाय नंबराची! पण मामा कुठंच दिसेनात. मामीनं पदर सोडला अन् सगळ्यांले एकच विचारत सुटली, "हे कुठं गेले? पाह्यलं ना त्यांनी?"

मामा पटाची नावं लिहून घेत होते त्या मांडवाकडून आले. आधी बैलांच्या अंगावरून हात फिरवला, मंग मामीकडं न पाहताच म्हणाले, "माया हातीबी इतकी सरळ नाही पळत जोडी. उद्याच्या गटात धुरकरी म्हणून तुयं नाव देऊन आलो."

"गडीमाणसांच्या गटात? अन् तुमी?"

"मी भाईर उभा राहून पाहीन," मामा म्हणाले. "तू नाही का पाह्यलं एवढे वर्षं."