सोळा सोमवार आणि रायबोझोम

घरात पीएच.डी. करणारी मुलगी असली की किस्से देव्हाऱ्यातल्या निर्माल्यासारखे साचतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते! आमची शर्वरी रायबोझोमवर पीएच.डी. करत होती, तेव्हाचे हे.

*

"आपल्या एकेका पेशीत लाखो रायबोझोम असतात, आजी. ते प्रोटीन तयार करतात."

सासूबाईंनी आपल्या हाताकडे संशयानं पाहिलं. "माझ्यात बी? कुणाला इचारून शिरले?"

*

आमच्या भजनातल्या आक्काताई लग्नं जुळवतात. त्यांना शर्वरीनं समजावलं, "अमिनो आम्लं जोडून प्रोटीन बनतं. रायबोझोम दोघांना अगदी नेमक्या जागी समोरासमोर आणतो, की पेप्टाइड बंध जुळलाच! स्वतः मात्र होता तसाच राहतो आणि पुढच्याला बोलावतो."

"साडी न्हाय, मानपान न्हाय?" आक्काताई म्हणाल्या. "पोरी, ह्यात कायतरी काळंबेरं हाय!"

*

"रायबोझोममध्ये प्रोटीनं असतात, पण जोडणी घडवतो तो आरएनए," एकदा जेवताना ती म्हणाली. "शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं वाटायचं, प्रोटीनंच करतात."

"म्हंजे सही एकाची, काम दुसऱ्याचं!" आमचे हे भाकरी मोडत म्हणाले. "आमच्या हापिसात तीच चौकशी चालू हाय की!"

*

मला मात्र घोर वेगळाच. तिच्या वायवासाठी, म्हणजे पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेसाठी, मी सोळा सोमवार धरलेले. अकराव्या सोमवारी विचारलं, "काय गं, हे रायबोझोम सोमवारी पण चालू असतात?"

"क्षणभरही थांबत नाहीत, आई!" म्हणत ती लॅबला पळाली.

प्रोटीन म्हणजे पुतण्या जिमवरून आला की खातो ती अंडी, एवढंच मला ठाऊक. अंगात दिवसभर तेच बनत असेल, तर उपवास कसला? आणि उपवासच मोडला, तर पोरीचं काय? देवळातल्या गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, इथं अंड्याचं नाव नको!"

*

वायवा नेमका सोळाव्या सोमवारी आला. तो सगळ्यांना खुला, म्हणून घरचे आम्हीही मागे जाऊन बसलो. बाहेरून आलेले परीक्षक भलतेच कडक. मुलांना रडवतात म्हणे. शर्वरीचं बोलून झालं. परीक्षकांनी वही मिटली. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "बसलेल्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

मी उभी राहिले. शर्वरीचा चेहरा पांढराफटक!

"सर, उपवासाच्या दिवशीपण आपल्या अंगात प्रोटीन जोडलं जातं. त्यानं उपवास मोडतो का हो?"

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी चष्मा काढला.

"ताई, वीस वर्षं सोमवार धरतोय मी. हे कुणाला विचारायचा धीर झाला नाही." मग शर्वरीकडे वळून म्हणाले, "सांगा, डॉक्टर. नीट सांगा!"