नत्थुजींच्या चार खोल्या

नत्थुजी मेहरे भ्याले की मोठं बोलत. इतर माणसं भ्याली की गप्प होतात, घाम पुसतात, मागच्या दारानं सटकतात. ह्या गृहस्थाचं सगळं उलटंच. एकदा राजापेठेत ट्रॅफिकवाल्यानं त्यांची फुलांच्या पोत्यांनी लादलेली लुना अडवली, तर म्हणे, "माहा साळा कमिश्नर ऑफिसात हाये." शिपाई म्हणाला, "लावा मग फोन." झालं! लुना दोन दिवस चौकीत उभी राहिली आणि पोत्यातला झेंडू तिथंच सडला. दुसऱ्या एका वेळी डॉक्टरनं विचारलं, "जेवणात काय असतं?" तर चक्क, "काजू-बदाम." ते ऐकून कौशल्याबाईंनी दवाखान्यातच कपाळावर हात मारून घेतला.

माणूस वाईट नव्हता हो. पहाटे चारला उठून झेंडू, शेवंती तोडायची, सात वाजता बाजारात, दुपारी अंबादेवीच्या रस्त्यावर हार गुंफत बसायचं, असं पस्तीस वर्षं केलं. थोरला भाऊ गेल्यावर वहिनी पार्बताबाईंना माहेरी जाऊ दिलं नाही. बावीस वर्षं सांभाळलं, आणि त्याचा उच्चार कधी चारचौघांत केला नाही. जे केलं ते कधी सांगितलं नाही, आणि जे केलं नाही तेच सांगत फिरले, अशी ह्या माणसाची गंमत.

भीती होती ती कागदाची आणि गळ्यात ओळखपत्र घातलेल्या माणसाची. नऊ वर्षांचे असताना बापाचा, बुधाजींचा, फुलांचा हातगाडा अतिक्रमणवाल्यांनी उचलून ट्रकमध्ये फेकला होता. बुधाजी त्या माणसांच्या पाया पडले. पोरानं ते पाहिलं. तेव्हापासून साधा मीटर रीडिंगवाला दारात आला तरी नत्थुजींच्या तोंडातून काहीतरी भव्यदिव्य निघायचं.

त्यांचं घर शहराच्या कडेला, पूर्वी शेत होतं त्या लेआउटमध्ये. पुढं दोन पक्क्या खोल्या. मागं चार खोल्या भाड्यानं द्यायच्या म्हणून बांधायला काढलेल्या. भिंती उठल्या, वर टिनं पडली आणि पैसा संपला. आरतीचं, म्हणजे एकुलत्या एका पोरीचं, नर्सिंगचं शिक्षण आधी करायचं ठरलं. त्यामुळे त्या चार खोल्यांना ना दार, ना प्लास्टर. एकीत फुलांची पोती, दुसरीत फवारणीचा पंप नि पाइप, तिसरीत पार्बताबाईंची खाट, चौथीत दोन शेळ्या.

दिवाळीनंतर आरतीला पाहायला अकोल्याची मंडळी आली. वामनराव नावाचे तोलूनमापून बोलणारे, पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ, त्यांची बायको सीमाताई आणि मुलगा मनोज. पोरगा शिकलेला, पोरीशी नीट बोलला. पोह्यांच्या बशा हातात होत्या आणि सगळं कसं छान जमत होतं. नेमक्या त्याच वेळी फाटकातून दोन पोरं आत आली. हातात टेप, गळ्यात ओळखपत्र. महानगरपालिका सगळ्या शहराच्या घरांची नव्यानं मोजणी करत होती, टॅक्स नव्यानं बसवायचा म्हणून.

नत्थुजींनी बशी खाली ठेवली. एकीकडे होणारे इवाई, म्हणजे पोरीचे सासरे, दुसरीकडे सरकारी टेप. एवढी भीती एका वेळी त्यांना कधी वाटली नव्हती.

"मागच्या चार खोल्यांत कोण राहतं, काका?" त्यातल्या एका पोरानं ओसरीतूनच विचारलं.

"भाडेकरू," नत्थुजी म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला, पण जीभ सुटली ती सुटली. "चारी खोल्या भाड्यानं देल्या हायेत. चार-चार हजार येते एकेकीचं. आपल्याले काय कमी हाये बापा!"

पोराला उन्हात मागं जायचा कंटाळा. त्यानं आकडे लिहिले, टेप पुढच्याच भिंतींना लावला, सही घेतली आणि दोघंही गेले. चौकटीत उभ्या कौशल्याबाई पदर तोंडाला लावून नवऱ्याकडे बघत राहिल्या. वामनरावांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. आठ दिवसांनी होकार आला. नत्थुजींची खात्री, होकार त्या चार खोल्यांमुळेच आला. आरतीमुळे आला असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

फेब्रुवारीत नोटीस आली. आजवर वर्षाला अठराशे साठ रुपये टॅक्स होता. आता त्रेचाळीस हजार दोनशे. आरतीनं दोनदा वाचून दाखवलं, तरी त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. हरकत असल्यास एकवीस दिवसांत लेखी द्यावी, असं खाली लिहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ते महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात गेले. टेबलावर रूपाली नावाची तरुण बाबू होती, स्वभावानं बरी. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं, "काका, भाड्यानं दिलेल्या घराला टॅक्स जास्तच असतो. तुम्हीच लिहून दिलंय ना?"

"चुकून लिहिलं गेलं असन त?"

"मग हरकत घ्या, सुनावणीत खरं काय ते सांगा. पण लवकर करा. अंदाजपत्रक बनत आहे. ही वाढीव रक्कम सगळी जमेत धरली आहे. त्यातूनच झाडूवाल्यांचे पगार, दिवे, नाल्या, सगळं भागवायचं असतं. मार्चनंतर वसुलीच सुरू होईल."

नत्थुजी बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. ओसरीत बसून मारलेली एक थाप, आणि ती शहराच्या बजेटात जाऊन बसली! कोणत्या तरी गल्लीतला दिवा आता त्यांच्या नसलेल्या भाडेकरूंच्या भाड्यावर लागणार होता. शेजारी बसलेला एक म्हातारा सांगत होता, की टॅक्स थकला तर घरासमोर बँड वाजवतात, मग सील ठोकतात. खरं-खोटं देव जाणे. पण आरतीचं लग्न एप्रिलात होतं, आणि दारात कोणता बँड आधी वाजतो ह्याचा विचार करून नत्थुजींची झोप उडाली.

"बाबा, मी मनोजले फोन करून सांगू का?" आरती म्हणाली. "खोल्या कच्च्या हायेत म्हणून कोणी लगन मोडते का?"

"अवं, तुले काय समजते! खोल्यांसाठी नाही, खोटं बोललो म्हणून मोडतीन. एका शब्दानं बोलली त माही शपथ हाये तुले. कोणी काही इचारलं त सरळ म्हणजो, मले माहीत नाही."

पोरीचं तोंड उतरलं. "असं कसं म्हणू बाबा?" पण तिनं शपथ पाळली. पाळली नसती तर बरं झालं असतं, हे त्यांना फार उशिरा कळायचं होतं.

लग्नाचा बस्ता फाडायला, म्हणजे कपडे घ्यायला, वामनराव नि सीमाताई अमरावतीला आले. दुपारचं जेवण नत्थुजींकडे झालं. वामनराव हात धुवायला मागं गेले, परत आले आणि टॉवेल शोधताना त्यांना फळीवरची नोटीस दिसली. चष्मा लावून त्यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली.

"इवाई, हे तुमी आमाले सांगतलं नाही? अहो, अकोल्याच्या टॅक्स खात्यात तीस वर्ष काहाडले मी. हरकत घेऊ. मीच अर्ज लिहितो, अन् सुनावणीले संग येतो."

नत्थुजींच्या पायाखालची जमीन सरकली. सरकारी नोकरीतून रिटायर झाले एवढंच मध्यस्थानं सांगितलं होतं. कोणतं खातं, हे कोणी विचारलंच नव्हतं. टॅक्सचाच माणूस! ज्याच्यापासून लपवायचं तोच वकील होऊन शेजारी बसणार! "तुमाले कायले तरास जी," असं ते चार वेळा म्हणाले. वामनराव म्हणाले, "तरास कायचा, घरचंच काम हाये."

अर्ज मुदतीत गेला, सुनावणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. तोपर्यंत नत्थुजींचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. हार गुंफताना सुई बोटात जायची. पार्बताबाईंनी एकदा विचारलं, "भाऊजी, मी गावाकडं जाऊन राहू का? मग खोली रिकामी दिसन." त्यांना वाटलं, आपल्याच राहण्यामुळे काहीतरी अडलंय. ते ऐकून नत्थुजी तोंड फिरवून रडले.

सुनावणीच्या दिवशी झोन ऑफिसचा व्हरांडा माणसांनी भरला होता. कोणाच्या हातात नकाशा, कोणाच्या हातात जुन्या पावत्या. वामनराव अकोल्याहून पहिल्या बसनं आले होते. बाकावर बसल्यावर ते हळूच म्हणाले, "इवाई, एक सांगू? खोल्यायत कोणी भाड्यानं राहत नसन त तसंच सांगून टाका. साहेब माणूस पाठवते, पाहणी होते, टॅक्स कमी होते. याच्यात लाजासारखं काहीच नाही. मी नोकरीत असे हजार पाह्यले."

शहाण्या माणसानं तिथंच त्यांचे पाय धरले असते. पण नत्थुजींना वाटलं, हा गृहस्थ आपल्याला चाचपून बघतोय. बापाचा ट्रकमध्ये फेकलेला गाडा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. आणि मग व्हायचं तेच झालं.

"राहत नसन? कायले राहत नसन जी!" ते मोठ्यानं हसले. "भाडेकरूची रांग लागते आपल्याकडं."

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

साहेब वयानं तरुण होते, थकलेले होते, सकाळपासूनचं पन्नासावं प्रकरण असावं. शेजारी रूपाली लिहून घेत होती. तिनं नत्थुजींकडे पाहून मान हलवली, बोला आता, अशा अर्थानं.

"चार खोल्या भाड्यानं आहेत असं तुमच्या सहीनं नोंदवलंय," साहेब म्हणाले. "आकारणी जास्त आहे एवढंच अर्जात आहे. भाडेकरू नाहीत, असं म्हणणं आहे का तुमचं? नसतील तर आत्ता सांगा. उद्या माणूस पाठवतो पाहायला."

खोलीत पंखा घरघरत होता. एक शब्द बोलायचा होता. 'नाहीत.' एवढाच. नत्थुजींना तो जिभेच्या टोकावर जाणवत होता. पण शेजारी वामनराव बसले होते, त्यांच्याकडेच बघत होते, आणि घरी पत्रिकांचा गठ्ठा येऊन पडला होता, अर्ध्या वाटूनही झाल्या होत्या. लग्न मोडलेली पोर म्हणून लोक आरतीकडे बोट दाखवतील. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा धरला.

"हायेत साहेब," ते म्हणाले. "चारी खोल्या भरल्या हायेत."

"मग हरकत कसली घेतलीत, काका?" साहेबांनी वैतागून कागद पुढं सरकवला. रूपालीचं पेन क्षणभर थांबलं, मग तिनं लिहिलं. सही झाली, शिक्का बसला. आकारणी कायम. आता पुढं कोर्ट, आणि तिथं जायचं तर आधी सगळा टॅक्स भरून, असं साहेबांनी सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दोघं रस्त्यावर आले. नत्थुजींनी चहाचं विचारलं, तर वामनराव नको म्हणाले. बस स्टँडसाठी एक ऑटो थांबवला आणि मग वळून उभे राहिले.

"बस्त्याच्या दिवशी हात धुवाले मागं गेलतो ना मी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच भयंकर होतं. "शेळ्या पाह्यल्या, पोते पाह्यले, तुमच्या वहिनीची खाट पाह्यली. तवाच समजलं. म्हटलं, आपून तोंडावर बोललो त ह्या माणसाची इज्जत जाईन. साहेबासमोर तरी खरं बोलतीन, म्हणून बसनं आलो. बाकावर बसून वाटबी करून देली तुमाले."

नत्थुजींकडे मोठं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. "इवाई, लगन..." एवढंच त्यांना म्हणता आलं.

"लगन होईन. शब्द देला, पत्रिका वाटल्या. गरीब घर हाये म्हणून आमी नाही म्हटलं नसतं, आताबी म्हणत नाही. पण परवा मी आरतीले फोनवर सहज इचारलं, मागच्या खोल्यायत कोण राह्यते. मले माहीत नाही म्हणे. सोताच्या घरात कोण राह्यते, हे तिले माहीत नाही? सीमा तवापासून गप्प हाये. घरात येणाऱ्या सुनेवर इस्वास ठेवाव का नाही, हेच तिले समजून नाही राहिलं."

"नाही जी, नाही!" नत्थुजींनी भर रस्त्यात हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा ते भीत भीत खरं बोलत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तिले माही शपथ होती. ते त सांगतोच म्हणत होती, मीच तोंड दाबलं तिचं. माह्यावर थुका, पण पोरीले काही म्हणू नका. माही आरती जिंदगीत कधी खोटं बोलली नाही, इवाई!"

"हेबी तुमीच सांगून राहिले ना," वामनराव म्हणाले, आणि ऑटोत बसले.