त्या ऑपरेटर बाईंनी गुन्हा केला नव्हता

ती घटना मी एक दिवसही विसरलेलो नाही. निवृत्तीनंतर लोक सत्काराला बोलावतात, याच तपासाचं कौतुक करतात आणि मी मान डोलावत ऐकतो. आता डोलावणार नाही. नावं कुणाचीच घालत नाही. ज्यांचं त्यांना कळेल.

नंदुरबार जिल्ह्यात गुजरातच्या सीमेजवळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना सातपुड्यातल्या काही मुली पत्र्याच्या पेट्या घेऊन आवारात आल्या. एका खासगी नर्सिंग कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला होता. वर्ग सुरू व्हायच्या दिवशी त्यांना सांगण्यात आलं की तुमचे प्रवेश तुमच्याच विनंतीवरून रद्द झाले आहेत. अशी विनंती एकीनेही केली नव्हती. त्यांच्या जागी दुसरी नावं लागलेली. रद्द करण्याची नोंद कॉलेजच्याच कॉम्प्युटरवरून, तिथल्या ऑपरेटर बाईंच्या लॉगिनमधून झाली होती.

घरफोडीत आम्ही आधी कुलूप बघतो. कुलूप शाबूत असेल तर किल्ली घरातूनच गेली, असं धरून चालतो. इथेही तेच धरलं. पासवर्ड बरोबर, प्राचार्यांच्या डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची पेन ड्राइव्हसारखी किल्ली, जागेवर, खोलीला कुलूप. बाई धडगावकडच्या, कंत्राटी, घरातल्या पहिल्या नोकरदार. त्याच दिवशी त्यांना ताब्यात घेतलं आणि पत्रकारांना सांगून टाकलं, "आतल्याच माणसाचा हात आहे."

महिला शिपाई शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली.

"पासवर्ड कोणाला दिलास?"

"कोणालाच नाही, साहेब."

"मग भुताने टाकला?"

"ते मला माहीत नाही. मी मेल उघडते, अर्ज भरते. ब्राउझर अपडेट मागतो तेव्हा 'नंतर' दाबते. तसंच सांगितलंय मला. एकदा अपडेट केलं तर प्राचार्य साहेबांच्या सहीचा डोंगल चालेना. मेमो मिळाला होता."

"मी विचारलं त्याचं उत्तर दे."

मेमोचं बोलणं मी लिहूनही घेतलं नाही. पाल्हाळ लावते आहे असं वाटलं. गुन्हेगार पाल्हाळ लावतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. माझ्या हवालदाराने मात्र बाहेर येऊन तंबाखू मळता मळता त्याच्या अहिराणीत सांगितलं, "साहेब, खोटं बोलणारं मानूस गोठ बदलस. हाई बाई दर खेपले एकच सांगी ऱ्हायनी."

"तुला ब्राउझरमधलं काय कळतं?"

"काहीच नही. तुमले कयस का?"

मी त्याला बंदोबस्तावर पाठवून दिलं. बाईंना अटक केली. कोठडी मिळाली.

पुढे खबर आली ती खापर गावाहून. बाजाराच्या दिवशी सीमेपलीकडचा एक गुजराती एजंट तिथल्या हॉटेलात बसतो आणि भरलेली सीट मोकळी करून देतो म्हणतो, असं माझ्या खबऱ्याने सांगितलं. साध्या वेशातला शिपाई, प्रवेश हवा असलेल्या मुलीचा मामा बनून गेला आणि पुढच्याच बाजाराला एजंट हातात आला. ठाण्यात आल्यावर मी त्याला पहिला प्रश्न तोच विचारला: बाईने पासवर्ड कसा दिला?

तो हसला. "कोण बाई? मी तर तिला ओळखत पण नथी, साहेब. फुकट आत टाकली तुम्ही."

"मग शिरलास कसा?"

"त्यांचं ब्राउझर जूनं. जून्यात भोकं असतात. बनवणारे भोकं बुजवून अपडेट पाठवतात, पण कॉलेजवाले घेत नाही. मी प्रवेशाची चौकशी आहे म्हणून लिंक पाठवली. तिने पान उघडलं, एटलंच. काही डाउनलोड नाही, काही पासवर्ड नाही. भोकातून माझा प्रोग्राम आत. मग ती लॉगिन करते आणि मागून मी काम करतो."

"हे तुला येतं?"

"मला कुठे येतं? तयार विकत मिळतं."

कॉम्प्युटर तपासणीला पाठवला. अहवालात एजंट म्हणाला तेच आलं. कुलूप शाबूत होतं आणि भिंतच उघडी होती. ती उघडी ठेवायचा हुकूम कॉलेजचा होता. हुकूम मोडला म्हणून ज्यांना मेमो मिळाला, त्याच बाई कोठडीत होत्या.

मुलींना जागा परत मिळाल्या. मला बक्षीस मिळालं. मग कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष भेटायला आले. "मुलींचं काम झालं ना, साहेब? मग आमचा मेमो कागदावर कशाला?" वरिष्ठांचा फोनही आला. बाईंना वगळ, पण संस्थेला गुंतवू नकोस. निवृत्ती जवळ आली होती. मी 'पुरेसा पुरावा मिळून आला नाही, सबब वगळण्यात यावे' असा अहवाल पाठवला. बाई सुटल्या. नोकरी गेली ती गेलीच.

गेल्या वर्षी त्या नंदुरबारला माझ्या घरी आल्या. गावच्या पोलीस पाटील पदासाठी त्यांनी अर्ज केला होता. लेखी परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. विरोधकांनी हरकत घेतली: ही बाई कॉम्प्युटरच्या गुन्ह्यात होती, पुरावा नव्हता म्हणून सुटली. हरकतीला माझाच अहवाल जोडला होता.

"बसा, ताई," मी म्हणालो.

"आज 'ताई' का? कोठडीत तर 'ए' होते." त्या बसल्या नाहीत. "पेपरवाल्यांसमोर तुम्ही मोठ्याने बोलला होतात, साहेब. परत तसंच बोलायला या. परवा सुनावणी आहे."

जुन्या सहकाऱ्यांनी समजावलं. पेन्शन आहे, नातवंडं आहेत, हे कशाला उकरतोस? मी गेलो. प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात मेमोही आला आणि फोनही. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "इतकी वर्षं गप्प का होतात?"

"घाबरलो होतो. तेही लिहून घ्या," मी म्हणालो.

हरकत फेटाळली गेली. बाई आज त्यांच्या गावच्या पोलीस पाटील आहेत.

संस्थेकडून मला वकिलाची नोटीस आली आहे, बदनामीची. मी माफी मागणार नाही. माफी मागायची होती ती मी त्या बाईंकडे मागितली. त्यांनी अजून दिलेली नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. 'पुरावा मिळाला नाही' आणि 'गुन्हा केला नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं मी सरकारी पगारावर असताना एका बैठकीत लिहिलं. दुसरं लिहायला मला निवृत्त व्हावं लागलं, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. त्यांनी तो गुन्हा केला नव्हता. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी मला कोर्टात बोलवावं. साक्षीला मी वेळेवर हजर असेन.