मंगळवारची जीप

पहिल्या खेपेला विजयमालाचं पोट चौथ्या महिन्यात पडलं होतं. म्हणून आता दुसऱ्याच महिन्यात तिचा नवरा सोपान नर्सबाईंना बोलवायला आटपाडीच्या रस्त्यानं पाच मैल सायकल मारत गेला. तीन हेलपाट्यांनंतर बाई एकदाच्या भेटल्या. "मंगळवारी येते," म्हणाल्या.

मंगळवारी बाईंना घेऊन जीप आली. पण साल होतं शहात्तर, आणि सरकारी जीप म्हणजे नसबंदी हे गावाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. धुरळा दिसताच बापय माणसं ज्वारीत पळाली; सोपान सगळ्यांच्या पुढं! इकडं त्याच्या आईनं, बायडाबाईनं, सुनेला गाडीत घालून नेतील या धास्तीनं तिला आत कोंडून बाहेरून कडी घातली आणि बाईंना सांगितलं, "घरात कुनी न्हाई." जीप आली तशी गेली.

सोपान अंग झाडत परतला, तेव्हा सासूनं कडी काढली होती आणि विजयमाला दारातच उभी होती.

"आवं, बोलावलंसा तुमीच, आन् पळालासा बी तुमीच?"

"पाय आपसूक पळालं गं. उद्या परत जातो."

"नगं. मीच जाते."

"पाच मैल चालनार व्हय?"

"चालंन. तवर तुमी ज्वारीत बसा."

ती निघालीसुद्धा. सोपान सायकल हातात धरून मागनं चालू लागला.