लाई काकांची दोन अक्षरं

"कुठलाही फोन चालेल मला, फक्त माझं बोट त्याला ओळखता आलं पाहिजे," असं लाई चिन-शुई एकदा म्हणाले होते. त्यांचा जुना अँड्रॉइड तेव्हा माझ्या मोबाइलच्या दुकानात चार्जिंगला लावलेला होता.

तैवानमधल्या आमच्या चियायी शहरातल्या थिएटरांच्या पाट्या काकांनी चाळीस वर्षं हाताने रंगवल्या. नट्यांच्या पापण्यांसाठी त्यांचा वेगळा ब्रश होता. पुढे पाट्या छापील झाल्या आणि हात रिकामा पडला. मग जुन्या फोनवर त्यांना चित्र काढायचं एक अ‍ॅप सापडलं. गॅलरीतल्या कुंडीतल्या फुलाचा फोटो, त्यावर बोटाने रंगवलेली ‘सुप्रभात’ची दोन चिनी अक्षरं, आणि सकाळी सहाच्या आत ते फोनवरच्या मित्रांच्या गटात. गटात अकरा जण, सगळे एकटे राहणारे. बाकीचे दहा फुलांची तयार चित्रं पाठवतात. ठरलेलं एकच आहे : सातपर्यंत ज्याचं फूल आलं नाही, त्याचं दार वाजवायचं.

ताईपेईत राहणाऱ्या त्यांच्या मुलीने वाढदिवसाला आयफोन पाठवला. काका दोन्ही फोन घेऊन दुकानात आले आणि दुपारभर बसले. कचरागाडी कुठे पोचली ते नकाशावर दाखवणारं अ‍ॅप पाहून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. गाडीवर वाजणारं संगीत ऐकून कचऱ्याची पिशवी घेऊन धावण्यातच आपले गुडघे गेले, असं त्यांचं म्हणणं. झाडाचं नाव सांगणारं अ‍ॅप आम्ही माझ्या काउंटरवरच्या प्लास्टिकच्या रोपावर चालवलं. त्याने ठामपणे नाव सांगितलं. आपल्यासारखंच आहे हे, माहीत नसलं तरी बोलतं, म्हणून काका खूश झाले. फक्त चित्रांचं त्यांचं अ‍ॅप नव्या फोनसाठी नव्हतंच. उद्या दुसरं शोधू, मी म्हणाले. जुना फोन माझ्याकडे ठेवून ते नवा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते परत आले. मागोमाग गटातल्या युए-शिआ आजी, हातात पेजेचा डबा. सकाळी सात वाजायच्या आत पाच जणांनी काकांचं दार वाजवलं होतं.

"पण फूल तर आलं होतं ना?" मी विचारलं.

"आलं होतं. कुणाचं?" आजी म्हणाल्या. "साबणाच्या खोक्यावर असतं तसलं कमळ. मला वाटलं, चोरांनी याचं खातं पळवलं, आता सगळ्यांकडे पैसे मागतील. नाहीतर हा पडलाय मोरीत, आणि फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात."

काकांनी ते तयार चित्र पावणेसहालाच पाठवलं होतं. वेळ पाळली म्हणून ते निश्चिंत होते. पण आजी वेळ बघतच नव्हत्या. त्या अक्षराचा शेवटचा फराटा बघत. मार्चमध्ये तो थरथरला, तेव्हा त्यांनीच काकांना ओढत दवाखान्यात नेलं होतं.

"पोरीला सांग, हा नवा फोन परत घेऊन जा," आजी म्हणाल्या.

"ताई, ती मनाला लावून घेईल." काका दोन्ही फोनांकडे बघत राहिले. एकात मुलगी होती, एकात त्यांचा हात.

मी नव्या फोनवर एकेक अ‍ॅप उतरवत गेले. पहिल्याची रेघ नळाच्या धारेसारखी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. दुसऱ्याची तशीच. तिसऱ्यात बोट रेंगाळलं की रेघ फुगायची, उचललं की टोक निमुळतं व्हायचं. काकांनी एकदा पुसलं, पुन्हा काढलं. मग माझ्या प्लास्टिकच्या रोपाचा फोटो काढून त्यावर दोन अक्षरं रंगवली आणि गटात पाठवली.

आजींच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि बराच वेळ बघितलं.

"रात्री झोपला नाहीस," त्या म्हणाल्या. "पण हात तुझाच."

काकांनी जुना फोन काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. नवा शर्टाच्या खिशात ठेवला, आजींच्या हातातला पेजेचा डबा घेतला, आणि उन्हात निघून गेले.