उस्तादांनी वाचलेलं पत्र

उस्ताद चूक कधी सांगत नसत. चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. "मी थांबतो," एवढंच म्हणायचे. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या कॉलेजात अरबीच्या वर्गाला आम्ही तिघंच, त्यामुळे सुटका नसे. मला त्यांच्या त्या थांबण्याचा भयंकर राग यायचा.

माझा मुख्य विषय फूड टेक्नॉलॉजी, तो बाबांनी निवडलेला. अरबी मायनर म्हणून घेऊ दिलं तेही का, तर इथली दूध पावडर आखातात जाते, पुढेमागे उपयोग होईल. दिवसभर लॅबमध्ये पावडरीतला ओलावा मोजताना जीव घुसमटायचा. अरबीच्या तासाला तेवढा मोकळा श्वास मिळे.

उस्ताद सीरियातल्या अलेप्पोचे. त्यांचं घर केव्हाच सुटलेलं. म्हणून की काय, दुसऱ्या वर्षी ते प्रत्येकाला घरी पत्र लिहायला लावत. आमच्या घरी ते कुणाला वाचता येणार नव्हतं, म्हणून मी खरं लिहून टाकलं: मला हे शिक्षण नको, जॉर्डनमध्ये अम्मानला जाऊन अरबीच शिकायचंय. त्या पत्रात एकही ठिपका पडला नाही. आईला अक्षर इतकं आवडलं, की तिने फ्रेम करून ते हॉलमध्ये गणपतीशेजारी लावलं.

त्याच वर्षी आईने उस्तादांना जेवायला बोलावलं. फ्रेम बघून ते खूश झाले. घरच्यांना सगळं ठाऊक आहे, असंच त्यांना वाटलं असणार. तेवढ्यात आईने इंग्रजीत विचारलं, "सर, काय लिहिलंय हो हिने?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "तीच सांगेल," ते म्हणाले.

"तुझे आणि बाबांचे आभार मानलेत," मीही इंग्रजीतच म्हणाले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. उस्तादांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला, मग त्यांनी हळूच हाताची घडी घातली. "मी थांबतो," ते मला म्हणाले. आईने लगबगीने त्यांना गरम पोळी वाढली.

पुढच्या वर्षी विद्यार्थी नाहीत म्हणून अरबी बंद झालं. उस्ताद मुलाकडे कॅनडाला गेले. जाताना त्यांनी मला काहीच विचारलं नाही, फक्त ती पेन्सिल दिली.

आता मी 'ते रापा' नावाच्या ठिकाणी दूध पावडरच्या कारखान्यात आहे. पाकिटांवरचा अरबी मजकूर तपासते. बघ, उपयोग झालाच की नाही, असं बाबा चारचौघांत सांगतात. घरी गेले की आई फ्रेम पुसते आणि म्हणते, "वाच ना गं एकदा."

मी दर वेळी तेच आभार वाचते. उस्ताद अजून थांबलेत.