बाबा एक दिवस आधीच वास्तुशांतीला पोचले

मंडळी, आज सापडलं एकदाचं!

बाबा भटजी. त्यांच्या पूजांच्या तारखांसाठी मी ॲप बनवलं. पहिल्याच पूजेला ते आज सकाळी अमरावतीहून वरूडला गेले, तर तिथे घराला रंग देणं चालू. वास्तुशांती उद्या होती.

ॲप प्रत्येक तारखेला रात्री बाराची वेळ चिकटवून ती लंडनच्या घड्याळाने साठवत होतं. आपले बारा वाजतात तेव्हा तिथे आदला दिवस असतो, मग दिसायचाही तोच.

बाबांनी डायरी पुढे केली. "मी निस्ती तारीख लिहितो. तू वेळ कावून लिहून राहिली?"

वेळ काढून टाकली आणि सगळ्या तारखा डायरीशी जुळल्या! नाचतच ॲप दाखवलं. बाबांनी पाहिलं, तरी खात्रीसाठी वरूडला फोन लावलाच, "उद्याच आहे ना?"

हा भरवसा कोणत्या कोडने परत येतो, सांगा.